आहेराचा टॉवेल

माझा नवरा झाडं पाडतो. परभणीत कुणाच्या भिंतीवर फांदी टेकली, कुठं वाऱ्यानं खोड कललं, की लोक त्याला फोन करतात. त्याची कटर मशीन लांब पात्याची आहे, पात्याभोवती दातेरी चेन फिरते. ती चालू झाली की गल्लीतली कुत्री शेपूट घालून पळतात. माणूस एरवी गरीब स्वभावाचा, पण मशीन हातात आली की खवीस. अंगात सैल कपडा नको, गळ्यात दस्ती-रुमाल नको, हातात कडं नको. डोक्याला जाळीचं हेल्मेट, पायात जाड बूट. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात माणूस नको, कोंबडीसुद्धा नको. गिऱ्हाईक जवळ येऊन अक्कल शिकवायला लागलं की हा मशीन बंद करून खाली बसतो आणि ते लांब गेल्याशिवाय उठत नाही. मी म्हणते, एवढं सोवळं तर देवघरातसुद्धा कुणी पाळत नाही. तो हसतो आणि चेनला धार लावत बसतो.

आमचं लग्न मी माझ्या मनानं केलं. माहेर पेडगावचं. आईनं अन्नपाणी सोडलं म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला घरात घेतलं, पण नवऱ्याला कधी जावई म्हटलं नाही. बोलायची वेळच आली तर 'ते मशीनवाले'. आमच्याकडे जावयाला टॉवेल-टोपीचा आहेर न होणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. भावकीतल्या लग्नात कुणाही सोम्यागोम्याच्या डोक्यावर टोपी चढायची, खांद्यावर टॉवेल पडायचा, आणि माझा नवरा मांडवाच्या खांबाला टेकून बोडका उभा. तो खांब उपटून कुणाच्या तरी टाळक्यात घालावा असं मला वाटायचं.

मग आबांच्या गोठ्यामागचा कडुलिंब वाळला. दोघांच्या कवेत न मावणारं खोड, आणि कल सगळा गोठ्याकडे. झाडं तोडणारे येऊन बघून गेले, कुणी हात लावेना. शेवटी आईकडून निरोप आला की मशीनवाल्यांना विचारून बघ. मी म्हटलं, अडल्यावर बरी आठवण झाली यांना आता, मुळीच जायचं नाही. नवरा म्हणाला, झाड धोक्याचं आहे आणि माणसं आपली आहेत. सकाळी पिकअपमध्ये मशीन टाकून आम्ही निघालो.

तो आधी झाडाभोवती नुसता फिरत राहिला. खोडावर कोयत्याची मूठ आपटून आवाज ऐकला, शेंडा किती पोकळ झालाय ते पाहिलं. उंचावर दोर बांधून त्याचं दुसरं टोक पार शेतात उभ्या ट्रॅक्टरला जोडलं, म्हणजे झाड गोठ्यावर न येता रानाकडे पडावं. ट्रॅक्टरवर माझा धाकटा भाऊ. त्याला बजावलं की मशीनच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येणार नाही, मी हात वर केला की ओढायचं, तोवर गिअरला हात लावायचा नाही. जनावरं सोडून लांब बांधायला लावली. खोडामागची एक तिरपी पट्टी त्यानं स्वतः काट्याकुट्या उचलून साफ केली. झाड हललं की इकडून पळायचं, असं मला दाखवलं. तोवर बघायला भावकी जमली होतीच.

आता मशीन चालू करणार, तेवढ्यात आबा ताट घेऊन आले. झाडाला हळदकुंकू वाहिलं, तिथल्याच दगडावर कोयत्यानं नारळ फोडला. कोयता तिथंच ठेवून त्यांनी ताटातलं फडकं बाजूला केलं. खाली नवी पांढरी टोपी आणि नवा जाडजूड टॉवेल. 

नवऱ्यानं हेल्मेट काढलं आणि मान खाली घातली. आबांनी सगळ्या भावकीदेखत कुंकू लावलं, टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला. नवरा त्यांच्या पाया पडला. मग टोपीवरूनच हेल्मेट चढवायला गेला, तसे आबा म्हणाले, "आहेराच्या टोपीवर टोपलं घालायलात व्हय?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. नवऱ्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग हेल्मेट दगडावर ठेवलं, टॉवेल गळ्याभोवती घेतला आणि दोन्ही टोकं शर्टात खोचली. गळ्यात दस्तीसुद्धा चालत नाही म्हणणारा हा माणूस. पण आहेर अंगावर पडल्यापडल्या उतरवून ठेवणं म्हणजे तो तोंडावर फेकणं, हे तिथं शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

सगळ्यांना त्यानं लांब पिटाळलं. आधी शेताच्या अंगानं खोडाला तोंड पाडलं, कलिंगडाच्या फाकेसारखा तुकडा काढला. मग मागून पातं घातलं. भुसा उडत होता. पातं खोल गेलं, तसा तो खोडाचं किती लाकूड शिल्लक राहिलंय ते बघायला वाकला, आणि टॉवेलचं एक टोक शर्टातून बाहेर आलं. ते मला दिसलं. मी ओरडले, पण माझं मलाच ऐकू आलं नाही. टॉवेल चेनमध्ये गेला.

मशीन गुरगुरली आणि बंद पडली. चेनमध्ये कापड इतकं गच्च बसलं होतं की ती पुढं फिरेना. त्याचं तोंड मशीनच्या दांडीवर आदळलेलं, गळ्याला फास, आणि पातं खोडात रुतलेलं. माझा नवरा त्या झाडाला मानेनं बांधला गेला होता. जीव घुसमटला तसा त्यानं एक हात वर फेकला.

शेतात माझ्या भावानं हात वर झालेला पाहिला आणि सांगितल्याप्रमाणे ट्रॅक्टर पुढं काढला.

दोर ताणला. वर कुठंतरी लाकूड कर्रर्र वाजलं. मी पळाले. नारळाजवळचा कोयता उचलला, टॉवेल आणि मशीन यांच्यामध्ये घातला आणि ओढत राहिले. नवं कापड, तुटता तुटेना. आहेर करताना आबांनी हात आखडता घेतला नव्हता. शेवटचे धागे तुटले तसं त्याची कॉलर धरून त्यानंच साफ केलेल्या पट्टीवरून त्याला मागं खेचलं. आम्ही दोघं पडलो आणि पाठोपाठ झाड पडलं. अंगाखालची जमीन हादरली. अगदी त्यानं सांगितलं होतं तिथंच, रानाकडे पडलं. गोठ्याचं पत्र्याचं पानसुद्धा हललं नाही.

नवऱ्याची हनुवटी फाटून आतलं पांढरं दिसत होतं. गळ्यावर लालभडक वळ.  आबा धावत आले, नवऱ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाले, "टोपी कुठं पडली?"

 आपला बाप हे बोलतोय यावर माझा विश्वास बसेना. मग माझं डोकं फिरलं. "टोपी नका हुडकू आबा," मी म्हटलं, "मुंडकं हुडकायची पाळी आली होती."

बापाशी मी असं कधी बोलले नव्हते.  आबांचे हात वर गेले, डोक्याचा पटका सुटला, आणि गुडघ्यांवर बसून त्यांनी तो नवऱ्याच्या हनुवटीखालून डोक्यावर घट्ट बांधला. बघता बघता पटका लाल झाला.

पिकअप भावानं चालवली, रडत रडत. मागच्या हौद्यात मी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, समोर आबा. परभणीचा रस्ता लागला तसं नवऱ्यानं डोळे उघडले. त्याला काहीतरी सांगायचं होतं म्हणून मी कान जवळ नेला.

"टोपी घेतलीस का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या टोपीपायी मरणार होता का, असं मी त्याला विचारलं. 

"काढली असती तर परत कुणी घातली नसती," तो म्हणाला.

हे आबांनी ऐकलं. वाऱ्यानं त्यांचे विरळ पांढरे केस उडत होते. त्यांनी त्याच्या पायावर हात ठेवला.

"जावईबापू, टाके पडंस्तोर बोलू नका," ते म्हणाले.

आबांचं उघडं डोकं मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, आजोबांना मसणात पोचवून आले तेव्हा. मी नवऱ्याचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि दवाखाना येईपर्यंत सोडलं नाही.