शकुंतला माझ्याकडे येणारच

मंडळी, आज सकाळी जिन्यात एका शेजारणीने मला हळूच विचारलं, "तुमच्याकडे येते ती पारशिवनीची बाई पागलखान्यात होती म्हणे. तिले घरात काहून घेता?"

एकदाच सगळ्यांना सांगते. हो, शकुंतला तिथे होती. ऐंशीच्या दशकात मी नागपूरच्या त्याच मनोरुग्णालयात समाजसेविका होते. ती बरी झाली, तेव्हा मी पारशिवनीच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. दर महिन्याच्या गोळ्या हिला तिथेच द्या, नागपूरचे हेलपाटे नकोत, एवढंच लिहिलं होतं.

आठवड्यात ती परत आली. चिठ्ठी बंदच होती. लिफाफ्यावरचा आमचा शिक्का पाहूनच तिथल्या कंपाउंडरने तिला हाकललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत एसटीने गेले. कंपाउंडरचं एकच, "हे नागपूरचं पेशंट होय, बाई. वापस न्या."

मी तोंड उघडायच्या आत शकुंतला बाकावर बसली. "काहून वापस जाऊ? माहं घर इथं हाये. गोळ्या दे, तवाच उठीन."

दुपारपर्यंत ती हलली नाही, मीही नाही. शेवटी डॉक्टर बाहेर आले, त्यांनी चिठ्ठी वाचली आणि गोळ्या दिल्या. मग दर महिन्याला मिळत गेल्या.

आत्ता ती माझ्या सोफ्यावर बसून चहा पिऊन राहिली आहे. दार उघडं आहे. जिन्यात कुजबुजण्यापेक्षा आत येऊन तिलाच विचारायची हिंमत कोणात आहे? या, चहा देते. फक्त तिला उठवायच्या भानगडीत पडू नका. ते त्या कंपाउंडरलाही जमलं नव्हतं.