गुडघ्यातलं पाणी आणि इंजिनातलं तेल

लॅबमध्ये दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतात. त्यात आमची लॅब चौलची, नारळीच्या वाडीतली! मूळ काम मच्छीमार बोटींच्या इंजिनाचं तेल तपासायचं. तेलात कुठले कण सापडतात त्यावरून काय झिजलंय ते कळतं. मग एका हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "सांध्यातलं पाणी तपासाल? संधिवातात गुडघा कसा झिजतो ते बघू." झालं! आमच्या मॅडम जेवणखाण विसरल्या.

* * *

तेलातले लोखंडाचे कण चुंबकाला चिकटतात, पण सांध्यातल्या कूर्चेचे, म्हणजे हाडांवरच्या मऊ गादीचे, कसे चिकटणार? म्हणून त्या पाण्यात आधी एक क्षार मिसळायचा, मग तेही ओढले जातात. हे मी हिराबाईंना समजावलं. त्या रेवदंड्याच्या बाजारात मासळी विकतात, उजवा गुडघा पार धरलेला.

"मंग माजी खुर्ची त्या चुंबकापासून लांब ठेव बाय," त्या म्हणाल्या, "उगाच चिकटायची!"

* * *

दसऱ्याला मॅडमनी मायक्रोस्कोपची यथासांग पूजा केली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक गुडघ्यात पिवळे कण! मॅडम हरखल्या. "ही झीज काही वेगळीच दिसतेय!"

आमच्या लॅबमधल्या मदतनीस पाटलांनी यंत्राला नाक लावलं. "मॅडम, हळद."

तेव्हापासून हळदकुंकू टेबलाच्या पायाला.

* * *

हिराबाईंचे यजमान पांडू तांडेल बोटवाले, आमचं जुनं गिऱ्हाईक. कणांचे फोटो बघून बघून आता निकाल स्वतःच देतात. एकदा जरा मोठा कण दिसला, तर ऐन हंगामात बोट किनाऱ्याला ओढली. पण डॉक्टरांनी हिराबाईंना महिनाभर विश्रांती सांगितली, तेव्हा म्हणाले, "चालतोय की गुडगा! बसली तर आकडंल."

मला त्यांचा भयंकर राग आला.

* * *

परवा दोघं रिपोर्ट न्यायला आले. तांडेल दारात चपला काढत होते, तोवर मी हिराबाईंना दोन्ही फोटो दाखवले. हा गुडघ्याचा, हा इंजिनाचा.

तांडेल आत आले. हिराबाईंनी गुडघ्याचा फोटो पुढे केला. "अवो, बगा जरा. इंजिन कसं हाय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमनी माझा पाय दाबला.

तांडेलांनी फोटो खिडकीपाशी नेला आणि कपाळावर हात मारला. "आरं देवा! पार गेलंय ह्ये. आता एक फेरी पन न्हाय. आजच वर काडायला पायजे!"

"नक्की?"

"मला इचारतेस व्हय?"

हिराबाईंनी फोटो उलटा करून मागे लिहिलेलं स्वतःचं नाव दाखवलं. मग खाली ठेवलेली मासळीची पाटी उचलून त्यांच्या हातात दिली.