ओट्यावरचं स्टेशन

शेजारच्या घरात तिला आत्या म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. नवरा गेल्यावर ती थोरल्या भावाकडे, दादाकडे आली, ती चार दिवस मन रमवायला. तेवढ्यात वहिनी अंथरुणाला खिळली, मग गेली. भाच्याला वाढवायला कोणीतरी हवंच होतं. आत्याच्या हाताला चव, अंगात कामाचा झपाटा आणि तोंडातून ब्र निघायचा नाही. असं माणूस आयतं मिळालं तर कोण सोडतो?

दादाने घरभर बिनतारी स्पीकर बसवले, तेव्हा एक तिच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर आला. उपग्रह रेडिओवरचं जुन्या गाण्यांचं स्टेशन दादाच्या फोनवरून त्याच्यावर लागायचं. आत्या हरखून गेली. पण वर्गणी अशी, की एका वेळी एकच स्टेशन वाजणार. दिवाणखान्यात कोणी दुसरं लावलं की ओट्यावरचं बंद. हे तिला कोणी सांगितलंच नाही. भाच्याने सांगितलं ते असं, "आत्या, उपग्रह ढगाआड गेला गं!" बापलेक पोट धरधरून हसले आणि तिला ते खरं वाटलं. गाणं मध्येच तुटलं की ती ओले हात पदराला पुसायची, स्पीकर उचलायची आणि खिडकीत आभाळाकडे तोंड करून धरायची. पाहुणे आले की त्यांना हा खेळ मुद्दाम दाखवत. मला त्या हसण्याची भयंकर चीड यायची.

आत्याची धाकटी बहीण कोरसमध्ये गायची. ती घर सोडून गाण्यामागे निघाली, तेव्हा आत्या तिला फार तोडून बोलली होती. पुढे दादाने सांगितलं, "ती तुझं नावसुद्धा काढत नाही." तिथेच विषय मिटला.

परवा त्या स्टेशनवर निवेदिका म्हणाली की रविवारी सकाळी कोरसमधल्या जुन्या गायिकांच्या मुलाखती लागतील. त्यांत बहिणीचंही नाव होतं. आत्याने ते आधी दादाला सांगितलं, मग धावत माझ्या दारात आली.

"माझ्याबद्दल एखादा शब्द बोलेल का गं? वाईट बोलली तरी चालेल."

"माझ्याकडेच ये ऐकायला. मीही तेच स्टेशन लावते."

"नको बाई, दादाच्या नाश्त्याची वेळ ती. आणि माझं आहे की ओट्यावर!"

रविवारी मुलाखत सुरू झाली. आवाज थकलेला, पण गोड होता. एवढ्यात शेजारच्या दिवाणखान्यातल्या स्पीकरवरून सामन्याचं समालोचन कानठळ्या बसवू लागलं. दादाला खेळातलं ओ की ठो कळत नाही. समोरच्या खिडकीत आत्या दोन्ही हातांनी स्पीकर बाहेर धरून उभी, मागे भाचा फोनवर तिचं शूटिंग करतोय. मी घसा फोडून हाका मारल्या, पण त्या गदारोळात तिला काही ऐकू जाईना.

मुलाखत संपली. निवेदिका म्हणाली की हे ध्वनिमुद्रण जुनं आहे, बाई नुकत्याच वारल्या. मी तशीच चप्पल न घालता आत्याच्या घरात शिरले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"आत्या, तुझी बहीण गेली गं. पण मुलाखतीत ती म्हणाली, गाणं मला ताईने शिकवलं. तुला कायमची घेऊन जायला तिने खोली तयार ठेवली होती. दादाला फोन केला, तर हा म्हणाला, ताई वारली."

आत्या दादाकडे वळली. "मी मेले म्हणून सांगितलंस?"

दादाने समालोचनाचा आवाज थोडा कमी केला. "मग काय सांगणार होतो? तू गेली असतीस तर या घराचं कोणी बघितलं असतं?"

लाज नाही, काही नाही. मला वाटलं, आता तरी ही बाई किंचाळेल, हातातलं त्याच्या टाळक्यात घालेल. तिने माझंच मनगट धरलं.

"माझ्याबद्दल सांगताना ती रडली का गं?"

"रडली."

"खरंच रडली?"

"हो गं. खूप."

तिच्या चेहऱ्यावर, देवाशपथ सांगते, आनंद पसरला. इतक्या वर्षांत मी तिला इतकी सुखी पाहिली नव्हती.

"नाश्त्याचं काय झालं?" दादा म्हणाला.

"आणते," म्हणून ती आत गेली.