ताटापुढं हलायचं नाही

आमच्या वाडीत पुढारी यायचा असला की सगळ्यात आधी टिकाव बाहेर निघतात. हार, फेटा, नारळ हे सगळं नंतरचं. आधी रस्ता. फाट्यापासून वाडीपर्यंतचा चढ म्हणजे एरवी ओढ्याचा सख्खा भाऊ. पावसाळ्यात त्यातून पाणी वाहतं आणि एकदा पाणी ओसरलं की खालचे धोंडे तोंड वर काढून बसतात. पण पाहुण्याची गाडी त्यावरून कशी आणायची? गावाच्या अब्रूचा प्रश्न. म्हणून पुरुष कडेचा मुरूम खणतात, बायका घमेल्यांनी तो वाहून खड्ड्यांत ओततात आणि शेवटी हंड्यांनी पाणी शिंपडतात, साहेबांच्या पांढऱ्या कपड्यांवर धूळ बसायला नको म्हणून.

मागच्या खेपेला हे काम आम्ही इतकं झकास केलं की साहेब गाडीतून उतरले तेच खूश होऊन. भाषणात म्हणाले, "डोंगरातल्या वाडीला असा रस्ता बघून मला समाधान वाटलं. इथला रस्त्याचा प्रश्न सुटलेला दिसतो." आणि आम्ही टाळ्या वाजवल्या! मुरूम वाहून ज्या हातांना फोड आले होते, त्याच हातांनी वाजवल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आषाढात सगळा मुरूम ओढ्याला गेला आणि धोंडे आपापल्या जागेवर परत आले. मला आधी हसू आलं, मग राग आला. राग काही गेला नाही.

मी मूळची उत्रोलीची. भोर हाकेच्या अंतरावर. बारावीपर्यंत शिकले, आणि शिकायला जाण्यात काही पराक्रम असतो हे मला लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं. लग्न करून या डोंगरात आले तेव्हा कळलं की इथं एसटी फाट्यावरच तोंड फिरवते. तिथून पुढं पाय. ओढ्याच्या अलीकडचा रस्ता भोर तालुक्यात, पलीकडचा वेल्ह्यात आणि वाडी पलीकडं. भोरला विचारायला जावं तर म्हणायचे, वाडी वेल्ह्याची. वेल्ह्याला जावं तर म्हणायचे, रस्ता भोरातून सुरू होतो. दोघांच्या भांडणात आमचा रस्ता पोरका.

माझी मुलगी दहावीला होती त्या सालची ही गोष्ट. खालच्या गावातली शाळा दहावीपर्यंतच. पुढं शिकायचं तर भोर. सकाळी अंधारात निघायचं, फाट्यापर्यंत उतरायचं आणि संध्याकाळी एसटीतून उतरून एकटीनं रान चढायचं. माझे मालक वाईट माणूस नाहीत, पण लेकीच्या बाबतीत भित्रे. ऐन मार्गशीर्षात जेवताना त्यांनी जाहीर करून टाकलं, "एसटी वाडीत आली तर कालिजात जाईल. न्हाई आली तर दहावी बास. सोयरीक बघू."

पोरगी ताटावरून उठली नाही, रडली नाही. भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिली. ते मला रडण्याहून वाईट वाटलं. मी म्हटलं, "एसटी आणायची कुणी? तिनं?"

"मग म्या आणू व्हय?" मालक म्हणाले.

माघ महिन्यात निरोप आला. भैरोबाच्या देवळापुढं नवा सभामंडप झाला होता आणि त्याच्या उद्घाटनाला साहेब येणार होते. झालं! वाडीतले टिकाव बाहेर निघाले. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर धुणं धुताना मी बायकांना एवढंच म्हटलं, "ह्या बारीला मुरूम वाहायचा न्हाई. साहेब येऊ द्यात आपल्या रस्त्यानं."

मग वरच्या धनगरवाड्यातल्या मावशी म्हणाल्या, "मी तर घमेलं उपडं घातलं बघ." या मावशींची म्हैस मागच्या पावसाळ्यात अडली होती. डॉक्टर फाट्यापर्यंत आला आणि रस्ता बघून माघारी गेला. म्हैसही गेली आणि रेडकूही. त्या बोलल्यावर बाकीच्यांना बोलावं लागलंच नाही.

घरी मात्र रण माजलं. मालक म्हणाले, "पाव्हण्याला धोंड्यातनं आणायचं? लोक काय म्हन्तील?"

"लोक रोज धोंड्यातनंच येत्यात," मी म्हटलं. "त्यांना कुणी इचारलंय?"

माझी खरी धास्ती सासूबाईंची होती. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. आत्या म्हणजे गावाची अब्रू अंगावर पांघरून हिंडणारी बाई. त्या मध्ये पडल्या असत्या तर वाडीतल्या निम्म्या बायका फुटल्या असत्या. आत्या आतून सगळं ऐकत होत्या.

सकाळी पुरुषांनी मुरूम खणायला घेतला. मोठा ढीग झाला. मग ते बिड्या ओढत थांबले, बायका येतील म्हणून. कुणी आलं नाही. मालक तणतणत घरी आले, तर आत्या अंगणात घमेलं उपडं घालून त्यावर बसलेल्या आणि मांडीवरच्या सुपात तांदूळ निवडत होत्या.

"आये, ऊठ. घमेलं पायजे."

"माजी कंबर दुकती," आत्या म्हणाल्या. "हितंच बरं वाटतंय."

पुरुषांनी थोडा वेळ स्वतः मुरूम वाहून बघितला. दुपारपर्यंत हौस फिटली. ढीग कडेला तसाच राहिला.

साहेबांची गाडी ओढा ओलांडून वर चढली आणि पहिल्याच मोठ्या धोंड्यावर तिचं चेंबर घासलं. तो आवाज वर देवळापर्यंत ऐकू आला. मागच्या गाड्या खालीच थांबल्या. साहेब चालत आले. बरोबर कार्यकर्ते, फोटो काढणारा, फेट्यांची पिशवी धरलेला एक जण. सगळे घामाघूम. साहेबांच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत लाल धूळ. मला अजिबात वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं का? माझी लेक हीच धूळ रोज अंगावर घेऊन येत होती.

पाहुण्याला ओवाळण्याचं काम वाडीत पहिल्यापासून माझ्याकडं. माझा हात स्थिर आहे, जीभ नसली तरी. देवळाच्या पायरीपाशी मी ताट घेऊन उभी राहिले. ओवाळायचा क्रम ठरलेला असतो. आधी कुंकू, मग डोक्यावर अक्षता, मग दिवा. आणि दिवा फिरत असताना माणूस हलत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जळत्या दिव्याकडं पाठ फिरवणं म्हणजे घरच्या लक्ष्मीकडं पाठ फिरवणं. साहेबही खेड्यातलेच. त्यांनाही ते ठाऊक होतं, आणि त्यांना ते ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं.

मी क्रम उलटा केला. कुंकवाला हात न लावता थेट दिवा ओवाळायला लागले. साहेबांनी सवयीनं कपाळ पुढं केलं होतं. ते तसंच राहिलं.

"साहेब," मी म्हटलं, "ह्या रस्त्यावर एसटी कधी येनार?"

ते हसले. "ताई, आधी कार्यक्रम होऊ द्या. मग निवांत बोलू."

"हाच कार्येक्रम हाये," मी म्हटलं आणि ताट फिरवत राहिले.

एक कार्यकर्ता पुढं झाला. "अवो वहिनी, उरका. पुढं अजून दोन गावं हायेत."

"साहेबांना हलवू नगा," मी म्हटलं. "दिवा हाये."

तो मागं सरला. साहेब म्हणाले, "रस्त्याचं मी बघतो. लक्ष घालतो."

हा शब्द ऐकून माझ्या डोक्यात सणक गेली. लक्ष घालून घालून या माणसांचं लक्ष संपत कसं नाही? "बघायला आता काय ऱ्हायलं?" मी म्हटलं. "चालत आलाय की तुमी. बघितला न्हाई का? मागच्या बारीला बघितला तो रस्ता नव्हता, आमच्या पाठी हुत्या त्या. माजी लेक दहावीला हाये. जूनला एसटी वाडीत आली न्हाई तर तिची शाळा बंद. म्हनून इचारतीय. कधी?"

माझा आवाज कापत होता. हात कापत नव्हता. मागून मावशी म्हणाल्या, "माज्या म्हशीचं बी सांग." दोन-चार बायका हसल्या, गर्दीतले मालकही हसले, आणि साहेबांचा चेहरा पहिल्यांदा खरोखरचा झाला.

"तांत्रिक अडचण आहे, ताई. निम्मा रस्ता दुसऱ्या तालुक्यात येतो."

"आमी निम्म्या चालत न्हाई, साहेब. पुऱ्या चालतो."

आता खांदा भरून आला होता. ताट जड नसतं, पण फिरवत राहिलं की जड होतं. साहेबांनी ते ओळखलं असावं. ते वाट बघायला लागले, मी थांबायची. तेवढ्यात माझ्या हातातलं ताट कुणीतरी घेतलं. आत्या.

मामंजी गेल्यापासून आत्यांनी ओवाळणीच्या ताटाला हात लावला नव्हता. नातवंडांना नाही, पोटच्या लेकाला वाढदिवसाला नाही. विधवेनं ओवाळायचं नाही, म्हणून त्या दारामागं उभ्या राहायच्या, आणि हा नियम त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या दिवशी चारचौघांत, भैरोबासमोर, त्यांनी ताट घेतलं आणि ओवाळायला लागल्या.

"लेकरा," आत्या साहेबांना म्हणाल्या, "माज्या मालकाला छातीत दुखलं तवा झोळी करून न्हेला. ह्या वड्यापातूर जित्ता हुता. फाट्यावर गाडी उभी हुती, पर फाट्यापातूर पोचला न्हाई. गावाची अब्रू म्हनून ह्या रस्त्यावर म्या जलमभर मुरूम टाकला. त्यो गेला तवा कुटं हुती अब्रू?"

हे आम्ही घरात कधी बोललो नव्हतो. मालक गर्दीत उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "आजी, जूनपर्यंत एसटी आणतो. शब्द देतो."

आत्यांनी ताट थांबवलं. साहेबांनी खिशातून नोट काढून ओवाळणी टाकली, कपाळ पुढं केलं आणि फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला. आत्यांनी नोट उचलून त्यांच्या हातात परत ठेवली.

"कुंकू एसटी आल्यावर," त्या म्हणाल्या आणि ताट घेऊन देवळात गेल्या.

सभामंडपाचं उद्घाटन झालं, भाषण आवरतं झालं, साहेब कोऱ्या कपाळानं धोंड्यातून उतरून गेले. त्यांचा तो फोटो भोंगवली, शिवऱ्यापर्यंत मोबाईलवर फिरला. काहींनी आमच्या पुरुषांना फोन करून विचारलं, तुमच्या वाडीत बायकांचं राज्य आलं काय. मालक पहिल्यांदा ओशाळले. मग एकाला म्हणाले, "आलंय. तुमच्याकडं कवा येतंय?" पण मला वाटतं, तो जोर फक्त फोनवरचा होता.

वैशाखात डांबराचे टेम्पो दिसले तेव्हा मी ओढ्यावर धावत गेले. रस्ता होत होता. पण ओढ्यापर्यंतच. भोरातला तेवढा. पलीकडचं वेल्ह्याकडनं होईल, असं सांगून माणसं गाशा गुंडाळून गेली. मी तिथंच उभी राहून मोठ्यानं शिव्या दिल्या. ऐकायला कुणी नव्हतं, तरी दिल्या. निम्मा शब्द पाळणाऱ्याला काय म्हणायचं?

जूनमध्ये मात्र एसटी ओढ्यापर्यंत आली, सकाळी आणि संध्याकाळी. बायकांनी ड्रायव्हर-कंडक्टरला ओवाळलं. साहेबांनी निरोप धाडला होता, कुंकू लावून घ्यायला कधी येऊ म्हणून. आत्यांनी उलटा निरोप पाठवला, "एसटी देवळाम्होरं आली की या. कुंकू हाये जाग्यावर."

पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली होती. कॉलेज सुरू व्हायच्या दिवशी ती आवरून बाहेर आली, तर मालक दारात आडवे उभे.

"वाडीत आली तर, म्हनालो हुतो," ते म्हणाले. "वड्यापातूर आली. वाडीत कुटं आली?"

माझ्या तोंडात दहा उत्तरं एकदम आली. पण पोरगी सरळ आत गेली. मला वाटलं, संपलं. ती दप्तर ठेवायला गेली असणार.

ती बाहेर आली ती ताट घेऊन. निरांजन लावलेलं, कुंकवाचा करंडा बाजूला. बापासमोर उभी राहिली आणि दिवा ओवाळायला लागली. कुंकू न लावता.

"हलायचं न्हाई, आप्पा."

"हे काय खूळ!"

"देवळाम्होरं ह्येच आप्पा हसत हुते," ती म्हणाली. "साहेब 'बघतो' म्हनले, तवा. आता सांगा. म्या जाऊ का नगं?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. त्यांनी आईकडं बघितलं. आत्या उंबऱ्यात बसून सुपारी कातरत होत्या.

"बघू..." मालक म्हणाले.

"बघू म्हनू नगंस," आत्या मान वर न करता म्हणाल्या.

पोरीचा हात फिरत राहिला. तिचा हात माझ्यासारखाच आहे, स्थिर. बापाच्या तोंडावर दिव्याचा उजेड एकदा इकडून, एकदा तिकडून पडत होता आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसत होतं. खाली ओढ्यावर एसटीनं हॉर्न दिला.

त्यांनी टोपी काढली आणि लेकीपुढं मान वाकवली.

"लाव कुंकू," ते म्हणाले. "लवकर लाव. एसटी चुकंल."