नानांची मिरची

शिंदखेड्यात आम्ही भाड्याने राहायचो तेव्हा शेजारच्या नानांच्या परसात मिरचीची वीसेक झाडं होती. घरच्या पोरांचे झाले नसतील एवढे त्या झाडांचे लाड. पण तोडणी आठ दिवसांवर आली की नाना पाणी एकदम बंद करायचे. झाडांनी माना टाकल्या की हे खूश. बोलण्याआधी घसा खाकरायची त्यांना सवय होती. खाकरून म्हणायचे, "गुरुजी, तिले राग येऊ द्या. रागावनी की मग तिखट व्हस."

एका हिवाळ्यात नेमके त्याच आठवड्यात ते लेकीकडे भुसावळला गेले. ती कोमेजलेली झाडं मला काही बघवेनात. रोज सकाळी दोन बादल्या ओतत गेलो. झाडं तरारली आणि मला पुण्य पदरात पडल्यासारखं वाटलं. त्या आनंदात आमची बादली मात्र तिथेच वाफ्यात विसरलो.

परत आल्यावर नानांनी त्याच मिरच्या तोडून भरिताची पार्टी केली. पहिल्याच घासाला त्यांचे व्याही म्हणाले, "नाना, मिरची टाकी का काकडी?" पंगत हसली. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, खाकरले आणि म्हणाले, "चूक मनी शे. जाताना पानी मीच दिधं."

त्यावर ते मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात भुसावळला निघताना मात्र पिशवी खांद्याला लावून आमच्या दारात आले, आणि चार दिवसांसाठी म्हणून आमची बादली मागून घेऊन गेले.