पिवळी सलाईन आणि केनवडचे आवळे

आयसीयूच्या दाराबाहेर चपला साठतात ना, तसे आत किस्से साठतात! वाशीमला सिस्टर म्हणून लागले तेव्हा वाटलं होतं, इथे कसलं हसायचं? आता घरी पोचले की सगळे विचारतात, "आधी जेवण, की आधी किस्सा?" यंदाच्या फ्लूचे तर ऐकाच!

*

केनवडच्या शांताबाई. फ्लू छातीत उतरला आणि बाई थेट व्हेंटिलेटरवर. त्यांचे मालक नामदेवभाऊ दाराशी उभे होते. आमचे डॉक्टरसर त्यांना समजावत होते, "विषाणूशी भांडताना शरीरच आत आग लावतं आणि त्यात फुप्फुसं भाजतात. मुख्य आधार ऑक्सिजनचा. सोबत अँटिऑक्सिडंट देऊन बघतोय, पण त्याची खात्री देता येत नाही."

"म्हंजे आग इझवाचं पानी!" भाऊंना एकदम पटलं. "कायचं अस्ते ते?"

"व्हिटॅमिन सी. आपल्या आवळ्यात असतं तेच."

एवढं बोलून सर पुढच्या बेडकडे गेले. हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायलाच नको होतं!

*

दुसऱ्या दिवशी भाऊ पोतं घेऊन हजर!

"घरच्या झाडाचे हायेत. पिळा सलाइनीत!"

सरांनी कपाळाला हात लावला. माझी शंका वेगळीच होती. आमच्याकडे तुळशीच्या लग्नात वाहिल्याशिवाय आवळा कोणी तोंडात घालत नाही. म्हटलं, "भाऊ, लग्नाआधीच तोडले?"

भाऊंनी मान खाली घातली. "आमची बुडी तं लगनाआधी झाडाले हातबी लावू देत नाई. उठली की मले लय शिव्या देईन. देऊ द्या ना, सिस्टर! शिव्या द्याले तरी उठली पाह्यजे."



*

शेजारच्या बेडवर कारंजाचे एक दुकानदार काका होते. त्यांच्या मुलाचा सगळा जीव शांताबाईंच्या सलाईनमध्ये! व्हिटॅमिन सीसोबत मल्टीव्हिटॅमिन घातलं की ती पिवळीजर्द दिसते.

"सर, त्याहिले पिवळी अन् आमाले पांढरीच काहून?"

"तुमच्या बाबांच्या किडनीला एवढं व्हिटॅमिन सी झेपणार नाही."

मुलगा विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "लावू नका सर. नुसती टांगून ठेवा ना! काचेतून पाहून आईले बरं वाटंन."

अख्ख्या वाशीमला समजावणारे आमचे सर त्या दिवशी चष्मा पुसत पुढच्या बेडकडे वळले.

*

पोतं परत न्यायला भाऊ काही तयार होईनात. मग ते काचेपलीकडच्या स्टाफच्या टेबलावर विराजमान झालं. तुळशीच्या लग्नाचं काय? "पाप लागलं तर सरांना," असं आम्ही ठरवून टाकलं, कारण पहिला आवळा त्यांनीच उचलला होता! मिठाची पुडीसुद्धा त्यांच्याच खिशातून निघाली. मास्क असल्यामुळे कोणाच्या गालात काय आहे ते कळायचं नाही.

आणि मग शांताबाईंचा ऑक्सिजन घसरला. त्या दिवशी आवळ्याला कोणी हात लावला नाही. भाऊंनी मात्र दुसरं पोतं आणून ठेवलं. "झाड रितं केलं," एवढंच म्हणाले.

पण बाई खमकी! आकडे पुन्हा चढले. सर लगेच भाऊंना म्हणाले, "आवळ्यानं नाही, बरं का! नक्की कशानं, ते मलाही सांगता येणार नाही."

"तुमाले नसंन मालूम. मले मालूम हाये ना!"

*

व्हेंटिलेटरची नळी काढायची सकाळ! सगळा स्टाफ बेडभोवती जमला. भाऊंनाही गाऊन-मास्क चढवून आत आणलं. नळी निघाली, शांताबाई खोकल्या, डोळे टक्क उघडले. सरांनी विचारलं, "बाई, तुमचं नाव सांगा. कुठे आहात, कळतंय का?"

बाई बोलेचनात. नजर काचेपलीकडच्या टेबलावर खिळलेली. भाऊ कासावीस झाले. "बोल ना वं काई!"

शेवटी घोगरा आवाज आला. "तुळशीचं लगन झालं?"

"अजून गोंधळल्यात," सर माझ्या कानाशी पुटपुटले.

"नाई झालं," भाऊ म्हणाले.

"मंग आवळे कोनं तोडले?"

"म्या तोडले! दे शिव्या, दे!" भाऊ रडता रडता हसायला लागले.

आणि सरांनी, मास्कच्या आत, या गालातला आवळा हळूच त्या गालात सरकवला.