पिठाचा पंजा

आमच्या स्वयंपाकघरात झाकणं आणि किस्से, दोन्ही साठत जातात. डबे हरवतात, झाकणं मात्र राहतातच! वराळ्यात आम्ही सहा बायका कंपन्यांमधल्या कामगारांना जेवणाचे डबे पुरवतो. मी मुख्य. बहुतेक किस्से माझ्याच कानांचे, म्हणून मीच सांगते. दुसऱ्या कुणी सांगितले की मीठ जास्त पडतं.

*

डब्यांची गाडी माझा मुलगा गणेश चालवतो. "आई, तुला ऐकू येत नाही, आता घरी बस," हे त्याचं पालुपद. शेवटी मीच म्हटलं, चल, तपासून घेऊ!

तळेगावात बंद खोलीत बसवून हेडफोन लावले. बारीकातला बारीक आवाज मी ओळखला. तपासणारी मुलगी म्हणाली, "मावशी, कान झकास आहेत!"

गणेश म्हणाला, "मग घरी माझं का ऐकत नाही?"

"ते तू काय बोलतोस त्यावर आहे."

*

पुढे डॉक्टरांनी आणखी चाचण्या घेऊन समजावलं. आवाज कानात नीट जातो, पण गोंगाटात चार आवाज एकदम आले की मेंदूला ते निवडता येत नाहीत. ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर. लहानपणापासूनचं असणार.

तव्यापाशी बसणाऱ्या सुनंदाला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी कान कामाव येत्यात आन् मेंदू रजेवर!"

"रजेवर कसला? तुम्ही पाच जणी एकदम बोलता, तो बिचारा एकटा खडे वेचत बसतो!"

*

लहानपणापासूनचं! म्हणजे चौथीत गुरुजींनी मला 'ढ' म्हणून घरी बसवलं, तो ढ माझा नव्हताच. वाचायला मी पुढे किराणाच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले, कुणी शिकवलं नाही. आता भिंतीवर माझी पाटी आहे. ज्याला डबा हवा त्यानं तिच्यावर लिहायचं. इंजिनियरसुद्धा लिहितात. त्यांचं शुद्धलेखन मी तपासते!

*

पूर्वी मात्र मी लाजायचे. समजलं नाही तरी "हो हो" म्हणून मान डोलवायचे. सोमाटण्यात एका हळदीला डीजे दणदणत होता. शेजारची बाई काहीतरी विचारत होती, मी आपली डोलवली मान.

सकाळी दारात म्हैस! दावं धरून तीच बाई.

"मावशी, आठ दिस काशीला चाललोय. काल तुमी व्हय म्हणला न्हवं?"

सांभाळली. म्हैस मात्र गुणाची. एका वेळी एकटीच बोलायची.

*

तेव्हापासून नियम केला. माझ्याशी बोलायचं तर आधी खांद्यावर थाप, मग समोर येऊन तोंड दाखवायचं, मग बोलायचं. बायकांचे हात कायम पिठाचे, त्यामुळे दुपारपर्यंत माझ्या खांद्यावर पाच-सहा पंजे उठतात. तशीच एकदा कामशेतला तांदूळ घ्यायला गेले. व्यापारी दचकला. "मावशी, घरात मारामारी झाली का?"

"नाही हो, बोलणं झालं!"

*

आणि हा मागच्याच महिन्यातला. एका कंपनीच्या कँटीनचे नवे साहेब आले. ते मशीनच्या खडखडाटातून फोन करायचे, मी म्हणायचे, लिहून पाठवा. ते भडकले. गणेशला म्हणाले, "सकाळी येऊन बघतो. एक घोळ दिसला तर डबे बंद!" गणेश मला म्हणाला, "आई, डबे बंद झाले तर तू घरी बसायचं. कबूल?" मी म्हटलं, कबूल.

साहेब कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. वर पंखा घरघरतोय, तीन कुकर शिट्ट्या मारताहेत. साहेब दारातून ओरडले. कुणी वळलं नाही. पुन्हा ओरडले. आमच्याकडे ओरडण्याची सवयच कुणाला उरलेली नाही. मग ते कोपऱ्यात उभे राहून तासभर बघत राहिले. सुनंदा आली, थाप, समोर, बोलणं. दुसरी आली, थाप, समोर, बोलणं. डबे भरले, पाटीशी ताडून बघितले, एकही चुकला नाही.

गणेश दारात डबे न्यायला उभा होता.

साहेब परातीपाशी गेले. इकडे-तिकडे बघितलं. उजवा हात पिठात नीट दाबला, जास्तीचं पीठ झटकलं, आणि माझ्या खांद्यावर थाप मारून समोर येऊन उभे राहिले.

"मावशी, सोमवारपासून साठ डबे वाढवा."

मी पाटीकडे बोट केलं. त्यांनी लिहिलं.

मग मी गणेशकडे पाठ करून उभी राहिले. साहेबांचा पंजा त्याला नीट दिसावा म्हणून.